तूर इथंच पिकते, वरणही इथंच पातळ होतं

रेशनचा तांदूळ विकणारा गरीब माणूस हा आपल्याकडच्या गप्पांमधला ठरलेला आरोपी आहे. नागपुरात लग्नाच्या पंगतीत बसा, नाहीतर अमरावतीत बँकेच्या रांगेत उभे राहा, कुणीतरी ऐकवतंच : सरकार फुकट देतं, हे लोक दुकानातून उचलतात आणि लगेच व्यापाऱ्याच्या काट्यावर घालतात, म्हणजे यांना गरजच नाही. घटना खरी आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तांदूळ घेणाऱ्याची गाडी फिरत नाही असं गाव शोधावं लागेल. पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. किलोला पंधरा-वीस रुपये घेऊन ती बाई त्या पैशाचं काय करते, हे कुणी विचारत नाही. तेलाचा पुडा आणते. अर्धा किलो डाळ, तिखट, चहापत्ती आणते. भाकर आणि पोळी खाणाऱ्या घरात तांदूळ उरतो आणि डाळ नसते, म्हणून केलेला हा सौदा आहे. सौदाही तोट्याचा. तोच तांदूळ खरेदी, साठवण आणि वाहतूक धरून सरकारला किलोमागे चाळीस रुपयांच्या आसपास पडलेला असतो. म्हणजे तिजोरीतले चाळीस रुपये खर्च होऊन त्या बाईच्या हाती वीस रुपयांची डाळ लागते. चोरी म्हणून याच्याकडे बघण्यापेक्षा मागणी म्हणून बघितलं, तर गावाला काय कमी पडतंय ते कुठल्याही पाहणीशिवाय समजेल.

माझं म्हणणं असं, की विदर्भाच्या खेड्यात घराचं पोट आता गहू-तांदळाच्या भावावर अवलंबून राहिलेलं नाही. ते डाळ, तेल, भाजी आणि दुधाच्या भावावर अवलंबून आहे. आणि हे भाव खाली आणायला सरकार आज जे उपाय करतं, ते याच घराच्या दुसऱ्या खिशातून पैसे काढतात.

आधी रेशनचा हिशेब. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण मोफत आहे. या कायद्याचं मोल मी कमी लेखत नाही. कोरोनाच्या काळात गावं तगली ती यावरच. पण ५ किलो म्हणजे माणशी दिवसाला १६६ ग्रॅम, आणि ग्रामीण भारतात माणूस महिन्याला साडेनऊ किलोच्या आसपास धान्य खातो. म्हणजे जवळपास निम्मं धान्य रेशनबाहेरूनच आणावं लागतं. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. २०२३-२४ च्या घरखर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या १०० रुपयांतले ४७ रुपये खाण्यावर जात होते, आणि त्यातले धान्यावरचे फक्त ५. उरलेले ४२ रुपये ज्या वस्तूंवर जातात, त्यांतली जवळपास एकही रेशनच्या काट्यावर नियमानं येत नाही. भाव चढतात ते तिथं.

भाव चढले म्हणून आमच्याकडे चूल विझत नाही. भाकर होतेच. आधी भाजी जाते. पावसाळ्यात वांगी-टमाटे आवाक्याबाहेर गेले की अंबाडी, तरोटा, चिवळ यांवर भागवायचं, ही जुनी रीत. त्यात काही वाईटही नाही, तरोट्याची कोवळी भाजी कुठल्याही फुलकोबीला भारी आहे. पण वावरात तणनाशक मारायला लागल्यापासून धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, ही भाजीसुद्धा मागं हटली. निंदायला गेलेली बाई येताना ओच्यात भाजी घेऊन यायची, आता निंदणच कमी झालं आणि भाजीही. भाजीनंतर वरणाची पाळी. डाळ तेवढीच, पाणी वाढतं. मग फोडणी नावाला उरते, चहातलं दूध जातं. पोटाचं माप तेच राहतं, ताटातलं सत्त्व निघून जातं, आणि सगळ्यात शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईला भांड्याच्या तळाशी जे उरलं ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली निघाली. याला एकटी महागाई जबाबदार नाही. पाणी, आजार, लग्नाचं वय, दवाखान्याचं अंतर, सगळं त्यात आहे. पण मोफत धान्य घरात पोचूनही हे आकडे असे आहेत, एवढं तरी मान्य करावं लागेल.

त्यात गरिबाला वस्तू महागच पडते. पंधरा किलोचा तेलाचा डबा घेणाऱ्याला जो दर लागतो, तो वीस रुपयांचं सुटं तेल बाटलीत नेणाऱ्याला लागत नाही. मृग लागला की बियाणं, खत आणि पोरांच्या वह्या-दप्तरं एकाच वेळी येतात, हातातला पैसा वावरात जातो आणि किराणा उधारीवर सुरू होतो. उधारीच्या खात्यावर डाळीचा भाव किती लावला हे विचारायची सोय नसते. मृगापासून पोळ्यापर्यंत आणि कित्येक घरी थेट सोयाबीन निघेपर्यंत हे असंच चालतं.

आता दुसरी बाजू. विदर्भातलं शेतकरी घर डाळीचं गिऱ्हाईक आहे तसंच तुरीचं विक्रेतंही आहे. कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीचं तास, म्हणजे ओळ, असतं, डिसेंबर-जानेवारीत ती घरात येते. पूर्वी एक-दोन पोती ठेवून बाकीची बाजारात जायची. ठेवलेली तूर उन्हाळ्यात भिजवून, वाळवून, जात्यावर भरडून वर्षाची डाळ व्हायची. आता मार्चअखेर कर्ज भरायचं असतं, मजुरी चुकवायची असते, लग्नसराई तोंडावर असते. सगळी तूर आडतीत जाते. ती व्यापाऱ्याच्या गोदामात गेली की मे-जूनपासून भाव चढायला लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तूरडाळ किलोला पावणेदोनशेच्या घरात होती, आणि ती विकत घेणाऱ्यांत जानेवारीत तूर विकून बसलेले कास्तकारही होते. त्या चढ्या भावानं सगळ्यांनी पुन्हा तूर पेरली. २०२५ च्या फेब्रुवारीत नवा माल आला तेव्हा ७,५५० रुपये हमीभाव असताना बाजारात त्याखाली सौदे होत होते. हे नवं नाही. २०१५ साली डाळ दोनशेवर गेली, पुढच्या हंगामात पेरा वाढला, आणि २०१७ मध्ये ५,०५० च्या हमीभावानं तूर घालायला खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, तर केंद्रांवर बारदाना संपलेला. डाळ महागते तेव्हा माल आमच्याकडे नसतो, माल असतो तेव्हा भाव नसतो.

महागाईवर सरकारचा हात पहिल्यांदा जातो तो आयातीकडे. तुरीची शुल्कमुक्त आयात मार्च २०२६ पर्यंत वाढवली गेली, पिवळ्या वाटाण्याला डिसेंबर २०२३ मध्ये दार उघडलं. शहरातल्या ग्राहकाच्या दृष्टीनं हे बरोबर आहे, मी त्याला दोष देत नाही. त्याला महिन्याच्या पगारात डाळ बसवायची आहे. पण म्यानमार आणि मोझांबिकच्या तुरीनं मुंबईत डाळ दहा रुपयांनी उतरते तेव्हा आमच्या बाजार समितीत क्विंटलमागे हजार रुपये जातात. आणि उतरलेल्या भावाचा फायदा खेड्यातल्या दुकानात पोचेपर्यंत आटतो. स्वस्त पीठ, तांदूळ आणि चणाडाळीच्या 'भारत' नावाच्या गाड्या २०२३ पासून शहरांच्या चौकांत उभ्या राहिल्या, खेड्यात मी तरी पाहिल्या नाहीत.

तेलाचं तर याहून विचित्र. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयातशुल्क वीस टक्क्यांनी वाढवलं, कारण सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा. किराणा दुकानातला पुडा वीस-पंचवीस रुपयांनी चढला. सोयाबीन मात्र त्या हंगामात ४,८९२ च्या हमीभावाखालीच विकली गेली. कारण साधं आहे. सोयाबीनमध्ये तेल असतं अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळी ढेप, म्हणजे पेंड. ढेपीचा भाव जगाच्या बाजारावर ठरतो, आणि ढेप पडली की तेल कितीही चढो, सोयाबीन उठत नाही. शेतकऱ्याच्या नावानं केलेली ती वाढ शेतकऱ्याच्याच बायकोनं तेलाच्या पुड्यावर भरली.

म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यांवर आली आणि खाद्यपदार्थांचे भाव वर्षभरापूर्वीपेक्षा पाच टक्क्यांनी कमी झाले, या बातमीचा आनंद आमच्याकडे कुणाला झाला नाही. त्याच महिन्यात अतिवृष्टीनं काळी पडलेली सोयाबीन लोक चार हजारांच्या आगेमागे विकत होते, हमीभाव ५,३२८ असताना. निर्देशांकात जे उतरलं ते आमचं उत्पन्न होतं. ज्या घराची वर्षाची कमाईच गेली, त्याला दहा रुपयांनी उतरलेली डाळही महागच. अन्नाची सुरक्षितता भावावर ठरते तशीच खिशावरही ठरते, आणि खेड्यात हे दोन्ही एकाच पिकाला बांधलेले आहेत.

यावर एक सल्ला हमखास येतो : घरचं खायला घरी पिकवा, कशाला कापूस-सोयाबीनच्या मागं लागता? हा सल्ला मला पटता पटता राहतो. एके काळी पश्चिम विदर्भाचं मुख्य अन्न ज्वारी होतं. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा, मोबदला ज्वारीत ठरायचा, मजुरीही कित्येक ठिकाणी पायलीनं मोजली जायची. दाण्याचा भाव वाढला तर मजुराच्या मजुरीचं मोलही आपोआप वाढायचं. ते दिवस सुखाचे होते असं म्हणायचा माझा बिलकूल विचार नाही, सालदारकी काय होती ते ज्यांनी केली त्यांना विचारा. पण महागाईविरुद्धचं एक कवच त्यात होतं, आणि मजुरी रोख झाली तशी ते गेलं. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्यात किलोभर तूरडाळ आणि एक तेलाचा पुडा आला की फार काही उरत नाही.

ज्वारी गेली ती एका कारणानं गेली नाही. खरिपात दाणा भरताना पाऊस लांबला की कणसं काळी पडतात आणि काळ्या ज्वारीला कुणी विचारत नाही. सोयाबीन साडेतीन महिन्यांत वावर मोकळं करते आणि रोख देते. रानडुकरं आणि रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप रात्रीत वावर झोपवतात. आणि ज्याला हे सगळं सोसून पेरायची हौस आहे, त्याची गोष्ट आणखी वेगळी. शिवारात शंभर जणांची ज्वारी होती तेव्हा पाखरं शंभर वावरांत वाटली जायची. आता एकट्यानं दोन एकर पेरली तर पंचक्रोशीतली सगळी पाखरं त्याच्याच कणसांवर उतरतात. एकट्या माणसानं ज्वारीकडे परतणं म्हणूनच अवघड आहे. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गाय-बैल गेले, आणि त्यांच्याबरोबर घरचं दूध-ताक. आज ज्या घरात चहा कोरा होतो, त्याचं मूळ दुधाच्या भावात शोधून सापडणार नाही. मग ज्यांच्याकडे वावरच नाही त्यांनी काय पिकवायचं, हा प्रश्न सल्ला देणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

पूर्व विदर्भात चित्र थोडं वेगळं आहे. भंडारा-गोंदियाकडे धान खायचंही पीक आहे, घरापुरतं ठेवून मग विकतात, त्यामुळे तांदळाच्या भावाचा चटका तिथल्या शेतकऱ्याला कमी बसतो. डाळ-तेलाचा तेवढाच बसतो.

धान्याऐवजी पैसे द्या, लोक हवं ते घेतील, असं म्हणणाऱ्यांचा प्रयोग आमच्यावरच झालाय. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेले १४ जिल्हे, म्हणजे मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, इथल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळत होता. २०२३ मध्ये धान्य बंद करून माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकायचं ठरलं, २०२४ मध्ये ते १७० झाले. ५ किलोंना १७० म्हणजे किलोला ३४ रुपये, कागदावर ठीकच. पण धान्य महिन्याला येतं आणि त्यातून युरिया घेता येत नाही. पैसे रखडून, तीन-चार महिन्यांचे एकदम येतात, आणि त्या दिवशी घरात जी सगळ्यात मोठी नड असेल तिकडे जातात. शिवाय बाजारात गहू पाच रुपयांनी वाढला तर १७० चे १९५ आपोआप होत नाहीत, त्यासाठी मुंबईत कुणाला तरी आठवण व्हावी लागते. कर्नाटकानंही जुलै २०२३ पासून जादा ५ किलो तांदळाऐवजी नेमके १७० रुपये दिले होते. २०२५ च्या सुरुवातीला ते सरकार पुन्हा तांदळावर आलं. 'लाडकी बहीण'च्या १,५०० रुपयांबद्दल मात्र मी नाक मुरडणार नाही. किराण्याच्या उधाऱ्या त्यातून फिटल्यात हे गावोगाव दिसतं. पण तीही रक्कम ठरलेली, आणि भाव तिच्यासाठी थांबणारे नाहीत.

आणि मुळात यादीत कोण आहे? प्राधान्य गटासाठी ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार रुपयांची उत्पन्नमर्यादा २०१३ साली ठरली. रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या दरानं एका माणसानं १४२ दिवस काम केलं तर तो ही मर्यादा ओलांडतो. कायद्यानं हक्कदारांची राज्यवार संख्या ठरते २०११ च्या जनगणनेवर. तेव्हापासून लग्न होऊन आलेल्या सुना आणि जन्मलेली मुलं कार्डावर चढवायची तर कोटा शिल्लक नाही, हे उत्तर ऐकावं लागतं, आणि सात माणसांचं घर पाच नावांच्या धान्यावर चालतं.

मग करायचं काय? तूर जिथं पिकते तिथंच हमीभावानं घ्यावी आणि तिथल्याच रेशन दुकानातून डाळ करून द्यावी. यात नवलाचं काही नाही. तमिळनाडू २००७ पासून रेशनवर तूरडाळ ३० रुपयांनी आणि पामतेल २५ रुपयांनी देतं. आपल्याच राज्यानं २०१८ मध्ये सरकारी खरेदीतल्या तुरीची डाळ रेशनवर ३५ रुपयांनी विकली होती. २०२० मध्ये केंद्रानं काही महिने कार्डामागे किलोभर डाळ-चणा फुकट दिला. दर वेळी साठा संपला किंवा संकट ओसरलं की योजनाही ओसरली. दिवाळीच्या तोंडावर २०२२ मध्ये 'आनंदाचा शिधा' आला, १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल. सणाला आनंद देऊन श्रावण-भाद्रपदातल्या पातळ वरणाचं काय, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

पैशाचा ढोबळ हिशेब मांडतो, त्यात चूक असेल तर खुशाल दाखवावी. अशा वस्तूंसाठी राज्यात धरली जाणारी कार्डं दीड कोटींच्या पुढे आहेत, १ कोटी ६० लाख धरू. महिन्याला कार्डामागे एक किलो म्हणजे वर्षाला १९ कोटी किलो डाळ. २०२५-२६ च्या ८,००० च्या हमीभावानं तूर घेतली, क्विंटलला ७२ किलो डाळ उतरली, भरडाई-पोती-वाहतूक धरली, तर किलो पडतो सव्वाशेच्या आसपास. ३५ रुपयांनी दिला तर सरकारवर ९० रुपयांचा भार, वर्षाला सतराशे कोटी. 'लाडकी बहीण'साठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवले होते. लागणारी तूर २६-२७ लाख क्विंटल. एवढी तूर हमीभावानं बाजारातून उचलली गेली तर फेब्रुवारीत भाव पडायचाही थांबेल, म्हणजे एका खर्चात विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघेही सावरतात, आणि ते बहुतेक एकाच घरात राहतात. तूर, उडीद, मसूर शेतकरी देतील तेवढी चार वर्षं खरेदी करू, असं केंद्रानं २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलंच आहे. घेतलेली तूर नंतर गिरणीवाल्यांना लिलावात विकण्यापेक्षा ती या कामी लावावी.

आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. सातबारा कास्तकाराचा आणि माल व्यापाऱ्याचा, हा प्रकार खरेदी केंद्रांवर चालतो. चुकारा, म्हणजे मालाचा पैसा, उशिरा मिळतो म्हणून लहान शेतकरी खेडा खरेदीवाल्याला नगद विकून मोकळा होतो. रेशनची डाळ भिजवूनही शिजत नाही, अशी बोंब होईल. यावर मला सुचतो तो उपाय काम गावाजवळ आणण्याचा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी डाळ मिल तयार केली, ती बचत गट आणि छोटे उद्योजक चालवू शकतात. तालुक्याची तूर तालुक्यात भरडली तर वाहतूक वाचेल, चुरी आणि टरफल गुरांना मिळेल, आणि डाळ शिजली नाही तर कुणाचा गळा धरायचा हे तरी गावाला माहीत असेल. सगळ्या राज्याची भरडाई एकाच कंत्राटदाराला दिली तर मात्र हा सगळा खटाटोप न केलेला बरा.

वर्षभराचा खर्च झेपत नाही असं वित्त विभाग म्हणेल. म्हणू दे. मग निदान जून ते सप्टेंबर द्या. भार सहाशे कोटींच्या आत येतो, जानेवारी-फेब्रुवारीत खरेदी झालेली तूर मेअखेर भरडून दुकानात पोचवायला वेळही पुरतो, आणि उधारीच्या त्या चार महिन्यांत किलोभर डाळीसाठी रेशनचा तांदूळ गाडीवाल्याला वीस रुपयांनी घालायची गरज किती घरांना उरते, तेही मोजता येईल.